फिरता फिरता कमाई: ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाचं गणित

परदेशात कमी खर्चात महिनोन्‌महिने फिरायचं आणि वाटेत मिळेल ते काम करून पुढच्या प्रवासाचे पैसे उभे करायचे, ही रीत पाश्चात्त्य तरुणांत जुनी आहे. ऑस्ट्रेलियाने तर १९७५ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी तसा खास व्हिसाच सुरू केला. भारतीय पासपोर्टला मात्र ही वाट बंद होती. पर्यटक व्हिसावर गेलेल्याला तिथल्या हॉटेलात भांडी घासून पैसे घेण्याचीही मुभा नसते. सापडला तर व्हिसा रद्द होतो आणि पुढचे अर्जही अडचणीत येतात.

२ एप्रिल २०२२ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात व्यापार करार झाला. त्यात दरवर्षी एक हजार भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा (सबक्लास ४६२) देण्याचं ठरलं. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. बारा महिने राहायचं, फिरायचं आणि कायद्याने काम करायचं, अशी ही सोय आहे. ती नेमकी कशी चालते आणि त्यातून हातात काय उरतं, ते क्रमाने पाहू.

आधी सोडत, मग अर्ज

जागा हजार आणि इच्छुक हजारो, म्हणून भारतीयांसाठी सोडत असते. पहिल्या वर्षी दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार जणांनी नावं नोंदवली होती. नोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. त्यासाठी पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं. निवड संगणक करतो. आधी नोंदवलं म्हणून किंवा शिक्षण जास्त म्हणून कुणाचा नंबर वर जात नाही.

नाव निघालं की ठरलेल्या मुदतीत खरा अर्ज भरायचा. वय १८ ते ३०, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि सोबत अवलंबून असलेलं मूल नको, या मुख्य अटी. अर्जाची फी १ जुलै २०२५ पासून ६७० डॉलर आहे. शिवाय खात्यात सुमारे ५,००० डॉलर आणि परतीच्या तिकिटापुरती रक्कम दाखवावी लागते.

ही रक्कम केवळ कागदावर दाखवण्यापुरती आहे असं समजून कुणी नातेवाइकाकडून आठवडाभरासाठी पैसे फिरवून आणू नयेत. पहिली मजुरी हातात येईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो आणि तेवढा काळ याच पैशांवर काढायचा असतो. व्हिसा, विमान, आरोग्य विमा आणि ही शिल्लक धरली तर आकडा चार लाख रुपयांच्या आसपास जातो. विमा टाळू नये. ब्रिटनसारख्या काही देशांच्या नागरिकांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आधार परस्पर कराराने मिळतो. भारताशी तसा करार नाही.

उतरल्यावरचे पहिले दिवस

पहिल्या आठवड्यात तीन कामं उरकायची: स्थानिक सिम, बँक खातं आणि टॅक्स फाइल नंबर. हा नंबर तिथल्या कर खात्याकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. तो मालकाला दिला नाही तर पगारातून ४५ टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो. बार किंवा दारू वाढणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये काम करायचं असेल तर ‘आरएसए’ नावाचं प्रमाणपत्र लागतं, बांधकामावर ‘व्हाइट कार्ड’. दोन्हींचे अभ्यासक्रम छोटे असतात. कॅफेत मात्र एक पानी बायोडाटा घेऊन दुपारच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, दारोदार जाण्याची जुनी पद्धत अजून चालते.

एक नियम आधीच लक्षात ठेवावा. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. शिक्षण घ्यायचं तर चार महिन्यांपर्यंत. व्हिसाचा मूळ हेतू सुट्टी हा आहे, काम तिला हातभार म्हणून.

हंगामामागे चालायचं

सिडनी-मेलबर्नमध्ये काम मिळतं, पण खोलीचं भाडंच ते खाऊन टाकतं. शिल्लक उरते ती गावाकडे, आणि तिथे काम हंगामाने ठरतं. डिसेंबर ते फेब्रुवारी टास्मानियात चेरीची तोडणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हिक्टोरियातल्या मिल्ड्युरा भागात द्राक्षं. मे ते ऑक्टोबर क्वीन्सलंडच्या बोवेन आणि बंडाबर्ग पट्ट्यात भाजीपाला. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर डार्विन आणि कॅथरिनकडे आंबा. क्वीन्सलंडमधल्याच टली गावाच्या परिसरात केळी बाराही महिने. अशा कामांची सरकारी माहिती ‘हार्वेस्ट ट्रेल’ या सेवेवर मिळते.

मिल्ड्युराचा हंगाम नाशिककरांना ओळखीचा वाटेल. गोलार्ध उलटा असूनही दोन्हीकडे द्राक्षं साधारण याच महिन्यांत उतरतात, कारण आपल्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीने हंगाम तसा धरलेला असतो. ज्याने घरच्या बागेत विरळणी, तोडणी किंवा पॅकहाऊसमध्ये प्रतवारी केली आहे, त्याचा हात तिथे पहिल्या दिवसापासून चालतो.

उन्हातान्हातलं काम नको असेल तर पर्यटनाचे पट्टे आहेत. पश्चिमेच्या ब्रूममध्ये एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा, गर्दीचा काळ. उलुरूजवळच्या युलारा वस्तीतही हॉटेलांना माणसं लागतात. अशा आडवाटेच्या जागी मालक बरेचदा राहण्याची सोय करतो, आणि खर्च करायला आसपास फारसं काही नसतं.

मजुरीचा हिशेब

किमान वेतनाचा दर दरवर्षी १ जुलैला बदलतो. १ जुलै २०२५ पासून तो तासाला २४.९५ डॉलर आहे. हंगामी माणूस बहुधा ‘कॅज्युअल’ म्हणून लागतो. त्याला पगारी रजा नसते, त्याबदली २५ टक्के जास्त, म्हणजे ३१.१९ डॉलर मिळतात.

आठवड्याला ३५ तास काम मिळालं असं धरू. एकूण सुमारे १,०९० डॉलर. या व्हिसावर वर्षाच्या पहिल्या ४५ हजार डॉलरवर, अगदी पहिल्या डॉलरपासून, १५ टक्के कर लागतो; मात्र मालकाने त्यासाठी कर खात्यात नोंदणी केलेली हवी, नाहीतर पगारातून जास्त कापलं जातं. हातात आले सुमारे ९२५. कामगार हॉस्टेलमधली खाट २०० ते २५०, स्वतः रांधलं तर जेवणाचे शंभरेक, शेतावर ने-आण आणि फोन मिळून साठ-सत्तर. चांगल्या आठवड्यात ५०० डॉलर मागे पडतात. असे बारा आठवडे लागोपाठ मिळाले तर सहा हजार, म्हणजे काटकसरीच्या प्रवासाचे अडीच-तीन महिने. पण पाऊस लागला की तोडणी थांबते, मजुरीही थांबते. खाटेचं भाडं मात्र चालूच राहतं.

पगाराव्यतिरिक्त मालकाला १२ टक्के रक्कम तुमच्या निवृत्ती निधीत भरावी लागते. देश सोडल्यावर ती मागता येते, पण या व्हिसावर तिच्यातून ६५ टक्के कर जातो. हाती येतात शंभरातले पस्तीस. तरीही अर्ज करावा. तो तुमचाच पैसा आहे.

नियम माहीत नसले की काय होतं

शेतावर बरंच काम उक्तं असतं, पेटीमागे किंवा किलोमागे दर. पूर्वी यात नवखा माणूस दिवसभर राबून अर्धी मजुरीही मिळवू शकत नसे. २८ एप्रिल २०२२ पासून उक्त्या कामालाही तासाच्या किमान मजुरीची हमी आहे. पेट्या कमी भरल्या तरी भरलेल्या तासांचा किमान दर द्यावाच लागतो. म्हणून किती तास काम केलं ते रोज वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवावं.

दुसरी पळवाट व्यवसाय क्रमांकाची. ‘एबीएन काढ, कर तुझा तू बघ’ असं तोडणीच्या कामाला सांगणारा मालक तुम्हाला कागदोपत्री कंत्राटदार बनवतो. मग किमान वेतन, निवृत्ती निधी, अपघाताचं संरक्षण सगळं अंगावर. तिसरी रोखीची. पगारचिठ्ठी पगारानंतर एका कामाच्या दिवसात मिळणं हा हक्क आहे. ती नसेल तर काम केल्याचा पुरावाही नाही. काम देण्यासाठी पैसे मागणारा किंवा पासपोर्ट ठेवून घेणारा भेटला तर तिथून निघावं. तक्रार ‘फेअर वर्क ऑम्बुड्समन’कडे करता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पगारचिठ्ठीची गरज आणखी एका कारणाने असते. ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचं काम तीन महिने केलं तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो, आणि त्यासाठी पुन्हा सोडत नाही. दुसऱ्या वर्षात असंच सहा महिने केलं तर तिसरं वर्षही. शेतीचं काम देशाच्या बऱ्याच भागांत मोजलं जातं. हॉटेल-पर्यटनाचं काम प्रामुख्याने उत्तरेत आणि दुर्गम भागांत. मेलबर्नच्या कॅफेतलं वर्षभराचं काम यात धरत नाहीत. नोकरी स्वीकारण्याआधी तिथला पिनकोड सरकारी यादीत पाहून घ्यावा.

सोडत लागली नाही तर

ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना अशीच आहे: १८ ते ३० वय, पदवी, खात्यात २,५३० पौंड, दोन वर्षांचा मुक्काम. तिची सोडत फुकट असते, पण आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही दोन्ही वर्षांचा आधीच. भारतातल्या किंवा इतर देशांतल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी थायलंडने २०२४ मध्ये ‘डीटीव्ही’ व्हिसा काढला. त्यासाठी खात्यात पाच लाख बाट लागतात आणि थाई कंपनीत नोकरी करता येत नाही. राहण्या-जेवणाच्या बदल्यात शेतावर राबण्याची ‘वूफिंग’सारखी सोय स्वस्त वाटते, पण बऱ्याच देशांत तेही कामच मानलं जातं. पर्यटक व्हिसावर तसं करण्याआधी त्या देशाचा नियम वाचावा.

हा मार्ग कर्ज काढून जाण्याचा नाही. चार लाख गुंतवून काही महिन्यांत दुप्पट करू, असं मनात असेल तर निराशाच होईल. ज्याच्याकडे तेवढी शिल्लक आहे, पाठ वाकवून काम करायची तयारी आहे आणि मिळालेले पैसे त्याच देशात फिरण्यावर खर्च करायचे आहेत, त्याच्यासाठी हा व्हिसा उत्तम आहे. नोंदणीच्या तारखा आणि दर ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर पाहा, अर्ज स्वतः भरा. सोडत संगणक काढतो. ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.