रिकामं ताट कसं देऊ, पोरी?

रमजानमध्ये दिवस मावळायला अर्धा तास राहिला की आमच्या गल्लीत ताटांची ये-जा सुरू होते. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, जे घरात असेल ते ताटात मांडायचे, वर रुमाल टाकायचा आणि मुलांच्या हाती शेजारी पाठवायचे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आक्कांकडेही आमचे ताट जाते. आक्का ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून त्यांची भजी आमच्याकडे वेगळ्या कढईत आधी तळतात. त्यांच्याकडून ताट कधी रिकामे आले नाही. दुसऱ्या दिवशी ते धुऊन, पुसून, चिमूटभर साखर घालून परत यायचे.

गेल्या वर्षी ईदला शीरखुर्म्याची वाटी गेली आणि मग ताटे थांबली. पाहुणे परतले, जो तो आपापल्या कामाला लागला. पंधरा-वीस दिवसांनी आईच्या लक्षात आले की आपली दोन ताटे आणि ती वाटी अजून आक्कांकडेच आहे. तिने माझ्या मुलीला आणायला पाठवले. ती मोकळ्या हाताने परतली. म्हणाली, "ताटं धुऊन फळीवर ठेवलीत. पण आक्का म्हणाल्या, रिकामं ताट कसं देऊ, पोरी? साखर आणली की देते."

घरात कोणी काही बोलले नाही. आईने चप्पल पायात सरकवली आणि ती निघाली. आक्कांकडे साखर नव्हती, म्हणजे बरेच काही नव्हते. श्रावणबाळ योजनेचे पैसे तीन महिने खात्यावर आले नव्हते. रात्रीचे जेवण म्हणजे गुळाच्या कोऱ्या चहात बुडवलेले दोन बटर. चार घरे सोडून राहणाऱ्या आम्हाला याचा पत्ता नव्हता. महिनाभर आम्ही ताट पाठवले, पण त्यांच्या उंबरठ्याच्या आत आमच्यापैकी कोणी गेले नव्हते.

ही आमची चूक मी मुद्दाम सांगतो आहे. रमजानमध्ये दानाचा पाऊस पडतो आणि ईदनंतर तो ओढ देतो. भूक मात्र बारमाही असते. कुरआनात गरजूंविषयी सांगताना अशाही माणसांचा उल्लेख आला आहे, जी स्वाभिमानापोटी कोणापुढे हात पसरत नाहीत. अनोळखी माणसाला ती सुखवस्तू वाटतात, त्यांची गरज चेहऱ्यावरून ओळखावी लागते. आपल्या आसपासचे किती तरी म्हातारे या वर्णनात बसतात. आयुष्यभर ज्यांनी दिले, त्यांना मागता येत नाही.

वाचकांपैकी अनेकांना जकात, फितरा, सदका हे शब्द ऐकून माहीत असतील. जकात अनिवार्य आहे. साडेसात तोळे सोने, साडेबावन्न तोळे चांदी किंवा तेवढ्या किमतीची संपत्ती ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शंभराला अडीच रुपये गरजूंना द्यायचे. फितरा घरातल्या माणशी ईदच्या नमाजापूर्वी द्यायचा. सदक्याला मात्र ठरलेली रक्कम नाही, मुदत नाही आणि घेणाऱ्याचा धर्मही विचारायचा नाही.

जकातीचा एक नियम फारसा बोलला जात नाही. ती आपल्या आईवडिलांना आणि आजी-आजोबांना देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे दान नाही, ते कर्तव्यच आहे. आईच्या औषधांचा खर्च जकातीच्या हिशेबात धरून मोकळे होता येत नाही. आधी घरातले म्हातारपण, मग दारापलीकडचे.

सदका म्हणजे केवळ पैसा, असेही नाही. प्रेषित मुहंमद पैगंबरांनी (स.) अर्ध्या खजुराचे दानही कमी लेखू नये असे सांगितले. हसतमुखाने भेटणे, वाटेतला दगड-काटा बाजूला करणे, एखाद्याला वाहनावर चढायला हात देणे, हाही सदकाच. शेवटची गोष्ट मला एसटी स्टँडवर नेहमी आठवते. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, पण गाडीची पायरी काही खाली आली नाही. तिथे आपला हात लागतो.

आक्कांच्या पैशांचेही असेच होते. खात्याला आधार जोडायचे राहिले होते आणि कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते. दोनदा हेलपाटे घालून त्यांनी नाद सोडला होता. गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाने त्यांना रिक्षात घालून आधार केंद्रावर नेले. तिथे डोळ्यांवरून ओळख पटली, मग बँकेत जाऊन जोडणी झाली. त्या मुलाची एक सकाळ गेली आणि आक्कांचे महिन्याचे दीड हजार पुन्हा सुरू झाले. रेशन दुकानात आजोबांचा अंगठा लागत नसेल तर रांगेत त्यांच्यासोबत थांबणे, गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ ठळक अक्षरांत लिहून देणे, हयातीच्या दाखल्याची आठवण करणे, याला पैसे लागत नाहीत. कोणी ज्येष्ठ अगदीच अडचणीत दिसला तर 14567 हा सरकारी मदत क्रमांक आहे.

धान्याचे म्हणाल तर आपल्या मातीतच त्याचा धडा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह चालवले, तेव्हा मुष्टी फंडातून घराघरातली मूठमूठ धान्य मुलांच्या पोटात गेले. आता आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी एक छोटा डबा आहे. भात लावताना एक मूठ त्यात पडते. मूठ साधारण पन्नास ग्रॅमची धरली आणि दोन वेळचा भात असला, तरी महिन्याला तीन किलो तांदूळ होतो. घरात कोणाचे जेवण कमी पडत नाही. थोडे असले तरी नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक आवडते, अशा अर्थाची हदीस आहे. तो डबा पाहिला की तिचा अर्थ कळतो.

पण द्यायचे कसे, हा प्रश्न उरतोच. दिलेल्याची आठवण करून देऊन किंवा मन दुखावून दान वाया घालवू नका, अशी कुरआनची ताकीद आहे. आक्कांनी नुसते तांदूळ घेतले नसते. वाट आईने काढली. तिला मधुमेह आहे, डॉक्टरांनी रोजे ठेवू दिलेले नाहीत. यंदा पहिल्याच दिवशी ती दुपारी डबा घेऊन आक्कांकडे गेली आणि म्हणाली, "घरात सगळ्यांचे रोजे. मला एकटीला घास उतरत नाही. तुमच्यापाशी बसून जेवू का?" आक्कांनी लगेच पाट मांडला. तेव्हापासून दोघी रोज एकत्र जेवतात. डबा आईबरोबरच परत येतो, त्यामुळे साखरेचा प्रश्नच मिटला. तरी परवा त्यात लिंबाच्या लोणच्याच्या चार फोडी होत्या आणि निरोप होता, "सहेरीला पोरांना तोंडी लावायला."

ईदनंतरही हे जेवण थांबणार नाही, असे आईने आताच बजावून ठेवले आहे. तुम्हीही यंदा शीरखुर्मा पाठवाल, तेव्हा वाटी आणायला मुलांना धाडू नका. स्वतः जा, आत जाऊन दहा मिनिटे बसा.