झाकण घट्ट असलं तरी औषधाला झळ लागते

महाबळेश्वरला जाताना घाटात वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं. कुणी त्यात हवा भरत नाही. १,३७० मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो, म्हणून आतली हवा पसरते. हवा तापली तरी पसरतेच. घट्ट झाकण हवेला अडवतं, उष्णतेला नाही.

वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला दम्याचा पंप पत्र्याखालच्या फळीवर दिसतो, इन्सुलिन टीव्हीजवळ. मग पेशंट विचारतात, "औषध घेऊनही गुण का नाही?" दोष दरवेळी पेशंटचा नसतो.

पंप : त्याच्या डबीत औषध दाबाखाली भरलेलं असतं. बहुतेक पंपांवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. डबी फार तापली तर फुटू शकते, म्हणून रिकामी झालेलीही चुलीत टाकू नका, टोचू नका. थंडीत फवारा कमी पडतो. डबी हातात धरून ऊब द्या, मगच घ्या.

इन्सुलिन पेन : टोचून झाल्यावर सुई लगेच काढा. सुई तशीच राहिली तर उष्णतेनं इन्सुलिन पसरून गळतं, गारव्यात आकसून हवा आत ओढतं. मग २० युनिट फिरवले तरी अंगात पूर्ण २० जात नाहीत. घाटातल्या प्रवासातही हाच नियम.

फ्रिज नसेल तर : मोठ्या मडक्यात ओली वाळू भरा, त्यात लहान मडकं बसवा. इन्सुलिन कोरड्या पिशवीत घालून त्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवा. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो, दमट हवेत कमी. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. बहुतेक इन्सुलिन त्यानंतर चार आठवडेच वापरायचं असतं. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेलं, गुठळ्या झालेलं किंवा स्वच्छ असून गढूळ झालेलं इन्सुलिन टोचू नका. मात्र डोसही चुकवू नका, त्याच दिवशी दवाखान्यातून दुसरं घ्या.

मजुरीच्या पैशातून आणलेलं औषध पत्र्याच्या उन्हात वाया जाऊ देऊ नका. आज घरी फळीवर हात लावून बघा. फळी तापलेली असेल तर औषध खाली, सावलीत, भिंतीच्या गार बाजूला आणा.