वास्तू, जतन आणि नाद

मोपा येथील मनोहर विमानतळावर उतरून थेट समुद्रकिनारा गाठणाऱ्या प्रवाशाला डिचोली महालातील नार्व्याची वाट सहसा कोणी सांगत नाही; वस्तुतः कदंबांचे आराध्यदैवत असलेल्या ज्या श्रीसप्तकोटेश्वराचे दिवाडी बेटावरील मूळ देवालय पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झाले, त्याच्या येथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने झाला आणि राज्य सरकारने हाती घेतलेले अलीकडचे नूतनीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पुरे झाले. अशा जुन्या इमारतीच्या मरामतीत सिमेंट घातक, कारण ते ओल भिंतीतच कोंडते. चुना तिला बाहेर पडू देतो. आणि सभामंडपाचे लाकडी छत काढून स्लॅब घातला, की झांजांच्या घुमण्यात अभंगाचे शब्द बुडतात, हे कोणताही जाणता भजनी सांगेल! म्हणूनच वास्तुरचना, वारसाजतन आणि गायन-वादन यांचा एकत्रित व्यासंग मला मुळीच विसंगत वाटत नाही. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या पणजीच्या कला अकादमीत तर वास्तू आणि संगीत एकाच छताखाली नांदतात, आणि तिच्या नाट्यगृहाला मंगेशीच्या दीनानाथांचे नाव आहे. पेडणे-डिचोलीच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे: पणजीचे गोवा वास्तुशास्त्र महाविद्यालय १९८२ पासून चालू आहे, पदवीक्रम पाच वर्षांचा आहे, मात्र त्या काळात पेटी-तबल्याचा रियाझ सोडू नये.