खोटे किती काळ टिकू द्यायचे

युद्धकालीन कादंबरीचे विनोदी नाट्यपटात माध्यमांतर करताना, म्हणजे शब्दांत उभी राहिलेली कथा दृश्यांत आणि ध्वनीत नव्याने रचताना, विनोद बाहेरून आणून चिकटवता येत नाही. तो पात्रांच्या चुकीच्या समजुतींतच शोधावा लागतो. क्रिस्टीन ल्यूनेन्स यांच्या ‘केजिंग स्काइज’ या कादंबरीवरून टायका वायटीटी यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या ‘जोजो रॅबिट’ (२०१९) या चित्रपटात हे स्पष्ट दिसते. कादंबरीतला व्हिएन्नाचा योहानेस नाझी प्रचारावर वाढलेला आहे. घरात दडवलेल्या एल्सा या ज्यू मुलीत तो गुंतत जातो आणि युद्ध संपल्यावरही जर्मनी जिंकल्याचे सांगून तिला वर्षानुवर्षे कोंडून ठेवतो. तेथे विनोदाला फारसा वाव नाही, कारण हाताबाहेर गेलेले हे खोटे गुन्हाच ठरते. वायटीटी यांनी नायकाचे, म्हणजे चित्रपटातल्या जोजोचे, वय दहावर आणले आणि तेच खोटे काही क्षणांत संपवले.

कादंबरीतील प्रथमपुरुषी निवेदन पडद्यावर उतरवण्यासाठी त्यांनी मूळ कथेत नसलेला एक काल्पनिक मित्र निर्माण केला, तो म्हणजे खुद्द हिटलर. ही भूमिकाही त्यांनीच केली. मुलाला जेवढे कळते तेवढेच या हिटलरला कळते, त्यामुळे आरंभी तो खुळचट वाटतो. मुलाची श्रद्धा डळमळू लागताच मात्र तो चवताळतो. अंतर्मनातील संघर्ष अशा रीतीने संवादांत येतो.

मृत्यूची पूर्वतयारी चित्रपट विनोदाच्या आडून करतो. जोजोला बुटांच्या नाड्या बांधता येत नाहीत, आई त्या बांधून देते, आणि तिचे लक्षवेधी बूट कॅमेरा वारंवार मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर दाखवतो, तरी ही सारी सहज गंमत आहे असेच प्रेक्षकाला वाटत राहते. पुढे चौकात फासावर दिलेल्या आईचे फक्त ते बूट चौकटीत येतात. चेहरा दाखवण्याची गरज उरत नाही, आणि जोजो तिची सुटलेली नाडी बांधू पाहतो तेव्हा ते त्याला जमत नाही.

या पटकथेला २०२० मध्ये ऑस्कर मिळाले, तरी तिने मोजलेली किंमत लहान नाही. प्रचाराचा बळी ठरलेला मुलगा स्वतःच तुरुंगाधिकारी कसा होतो, हा कादंबरीचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तिने वगळला. अर्थात तो ठेवला असता तर हाच हिटलर प्रेक्षकाला हसवू शकला असता असे वाटत नाही.