कापसाच्या दिवसांतली अंगणवाडी

खानदेशात दिवाळीचे दिवस म्हणजे कापूस वेचणीचेही दिवस. जळगाव जिल्ह्यात चोपड्यापासून जामनेरपर्यंत आणि धुळे जिल्ह्यात शिरपूर-शिंदखेड्याच्या काळ्या रानात दसऱ्याच्या सुमारास बोंडे फुटतात. वेचणीची मजुरी बहुधा किलोवर ठरते. जितका कापूस तितके पैसे. म्हणून बाई सकाळी लवकर निघते आणि दिवस कलल्यावर परतते. तिचे मूल दीड-दोन वर्षांचे असेल, तर ते बांधावरच्या निंबाला टांगलेल्या झोळीत असते. नाहीतर घरी, आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर.

गावात अंगणवाडी असते. तेथे खिचडी शिजते, मुलांची वजने होतात, गाणी होतात. पण आई शेतातून परतण्याच्या कितीतरी आधी तिचे दार बंद होते. तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर तेथे ठेवण्याची सोय तर बहुतेक गावांत नाहीच. त्याच्या वाट्याला घरी न्यायचा शिधा येतो. मूल सांभाळण्याची गरज सर्वांत मोठी असते, त्याच वयात आणि त्याच वेळेला अंगणवाडी हाताशी नसते. असे का झाले, आणि ते तसेच राहायला हवे का, हे या लेखात पाहायचे आहे.

एकच कापूस, दोन न्याय

आपल्याकडे पाळणाघराचा कायदा नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने हा आकडा तीसवर आला. १९५१ मध्ये चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी आणि १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी तशीच तरतूद झाली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक साधी, शहाणपणाची सोय होती: कामावर आलेल्या बायांबरोबर पाच किंवा अधिक लहान मुले असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुले सांभाळायला बसवायचे आणि तिलाही मजुरी द्यायची. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्याची दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली.

या सगळ्या तरतुदींमध्ये एक गोष्ट समान आहे. कामाची जागा ठरलेली हवी आणि मालक कोण हे सांगता यायला हवे. कापूस वेचणाऱ्या बाईचे तसे नसते. ती आज एका शेतात, उद्या दुसऱ्या. पुष्कळदा शेतमालकीणच तिच्या शेजारच्या ओळीत वेचत असते. तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याने पाळणाघर चालवावे असे कोणता कायदा म्हणणार? कापूस गिरणीच्या फाटकाच्या आत गेला की त्याच्यावर काम करणाऱ्या बाईच्या मुलाची कायद्याला आठवण होते. तोच कापूस झाडावर असेपर्यंत ते मूल कोणाच्याच हिशोबात नसते. जळगाव, अमळनेर, धुळे या गिरण्यांच्या गावांभोवती हा फरक डोळ्यांसमोर होता.

मालकाकडून सोय होणार नसेल, तर गावाकडे एकच सार्वजनिक जागा उरते. ती अंगणवाडी.

अंगणाचा मूळ अर्थ

हा शब्द सरकारी वाटत असला तरी तो सरकारने घडवलेला नाही. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसरी पद्धतीवर दोघांचाही विश्वास होता, पण तिची साधने महागडी होती आणि बालमंदिरे शहरी, सुखवस्तू घरांपुरती उरत होती. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी सुरू झाली, तरी दलित वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकत नव्हती. तेव्हा या दोघींनी मुलांना बोलावत बसण्याऐवजी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती कामावर असतात. मुलगे गुरे राखतात, मुली धाकट्यांना सांभाळतात. मग गुरे चरतात तेथेच कुरणशाळा भरू लागली. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि त्यांना सांभाळणारी थोरली बहीण पलीकडच्या वर्गात. तिने शाळेत यावे म्हणून आधी तिच्या कडेवरचे मूल उतरवून घेतले गेले.

बोर्डी-कोसबाडचा खरा धडा साधनांचा नाही, क्रमाचा आहे. त्या घराला काय सोडता येत नाही ते आधी पाहायचे, आणि मग वेळ, जागा व पद्धत ठरवायची.

वजनकाट्यावरचे बालपण

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्याचा आदेश दिला. आज देशात १३ लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक, असे प्रमाण आहे.

एवढ्या मोठ्या पसाऱ्यात काय मोजता येते यावर काय केले जाते ते ठरत गेले. वजन मोजता येते. दंडाचा घेर मोजता येतो. तो साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित समजतात. सातपुड्याच्या पायथ्याशी हे मोजमाप जीव वाचवणारे आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण मुलाशी कोण किती बोलले, ते कोणाच्या मांडीवर निजले, आई दिसेना झाल्यावर त्याला कोणी उगी केले, याचा रकाना नाही. सहा सेवांच्या यादीत दिवसभराची सांभाळणूक मुळातच नव्हती, आणि शिक्षण यादीत शेवटी होते.

कायद्यातही हे वय काठावरच राहिले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्यांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा, एवढेच कलम ४५ मध्ये उरले.

सेविका आणि मानधन

या साऱ्याचा भार दोन बायांवर आहे, सेविका आणि मदतनीस. सेविकेने मुलांना शिकवायचे, गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी जायचे, लसीकरणाच्या दिवशी मुले जमवायची, शिधा वाटायचा, नोंदी भरायच्या. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला तेव्हा इंग्रजीतले ॲप आणि अपुऱ्या क्षमतेचे फोन यांवरून महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. बाहेरून तो हट्ट वाटला असेल. पण फोनशी झटापट करण्यात जाणारा प्रत्येक तास मुलांच्या वाट्यातून वजा होत होता.

तिच्या पदनामातच तिचे दुखणे आहे. ती सेविका, तिला मिळते ते मानधन. २००६ मध्ये कर्नाटकातल्या अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय नागरी पद नव्हे. २०१८ पासून केंद्राचा हिस्सा सेविकेसाठी महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये झाला. राज्ये त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकेचे मानधन १०,००० रुपये झाले, म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या आत. त्याआधी २०१७ मध्ये आणि नंतर डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस राज्यातल्या सेविका संपावर होत्या. पुढे मानधन आणखी वाढले. नाव मात्र मानधनच राहिले.

२५ एप्रिल २०२२ रोजी एक वेगळा सूर ऐकू आला. गुजरातमधल्या सेविकांच्या अपिलावर न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की १९७२ चा उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, सेविका आणि मदतनिसांना लागू आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाड्यांवर वैधानिक जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, हे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही आणि या कायद्यापुरते मानधन हे वेतनच आहे, असे न्यायालयाने म्हटले.

हा प्रश्न केवळ कामगारांच्या हक्काचा नाही, मुलांचाही आहे. दोन वर्षांच्या मुलासाठी अभ्यासक्रम म्हणजे रोज भेटणारे तेच माणूस. तेच हात, तोच आवाज, तीच हाक. ती बाई थकलेली, कर्जात किंवा संपावर असेल, तर भिंतीवरची रंगीत चित्रे काही करू शकत नाहीत. बालसंगोपनाचा दर्जा शोधायचा तर तो इमारतीत नव्हे, या बाईच्या परिस्थितीत शोधावा लागतो.

‘आठे’ म्हणजे काय?

खानदेशात तिचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘आठे ये’ म्हणजे ‘इकडे ये’. पुस्तकी मराठी शिकवणाऱ्याच्या कानाला त्यात आठाचा आकडा ऐकू येईल. रावेर-यावलकडे लेवा बोली, चोपडा-शिरपूरच्या डोंगराकडे पावरी, साक्रीच्या पश्चिमेला कोकणी आणि भिल्ली. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण लहान मुलांना घरच्या भाषेत शिकवा म्हणते. त्यासाठी लागणारी शिक्षिका कोणत्याही प्रशिक्षण संस्थेतून मागवता येत नाही. ती त्याच पाड्यावर राहते आणि बहुधा तीच सेविका किंवा मदतनीस असते. सेविका स्थानिकच असावी हा नियम योजनेतला सर्वांत शहाणा नियम म्हणावा लागेल.

जेथे वेळ बदलली

आईच्या कामाशी पाळणाघराची वेळ जुळवणे अशक्य नाही. अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेतून १९८६ मध्ये संगिनी ही बालसेविकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिची पाळणाघरे कष्टकरी आयांच्या कामाच्या वेळेनुसार चालतात, आणि सांभाळणाऱ्या बाया संस्थेच्या सभासद आहेत, नुसत्या नोकर नाहीत. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगाने आदिवासी गावांत फुलवारी सुरू केल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, गावातलीच बाई, दिवसभर सांभाळ आणि गरम जेवण. केंद्र सरकारच्या २०२२ च्या ‘मिशन शक्ती’तही अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची ‘पालना’ योजना आहे.

खानदेशातल्या गावांना सुरुवात करायला फार दूर जावे लागणार नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. चोपडा, यावल, रावेर, साक्री आणि शिरपूर या तालुक्यांतल्या अनुसूचित क्षेत्रातील गावांना पेसाचा पाच टक्के अबंध निधीही मिळतो. वर्षभराचे पाळणाघर जमत नसेल, तर वेचणीच्या तीन-चार महिन्यांचे जमू शकते. अंगणवाडीचीच खोली, दुपारनंतरचे तास, झोळ्या, पाणी, एक जेवण.

अट एकच: हे काम सेविकेच्या डोक्यावर फुकट टाकायचे नाही. त्यासाठी तिसरी बाई हवी, आणि तिची मजुरी वेचणीला गेलेल्या बाईपेक्षा कमी असता कामा नये. नाहीतर तीही कापसालाच जाईल, आणि तिचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. रोजगार हमीच्या कायद्याने मूल सांभाळणे ही मजुरी मानली होती. गावाने तेवढे मानले तरी पुरे आहे.

या सगळ्याचा हिशोब मांडताना झोळीतल्या बाळाइतकीच त्याच्या बहिणीची आठवण ठेवायला हवी. शाळेच्या हजेरीत तिचे नाव असते. वेचणीच्या दिवसांत त्यापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात, आणि शाळेतून गळालेल्या मुलींची संख्या मोजताना आपण कारण शाळेत शोधतो. ते कारण तिच्या कडेवर असते. कोसबाडला ते आधी उतरवून घेतले गेले, आणि मगच तिच्या हाती पाटी आली.