कान्हेरीत फोटो काढताना: फोकस कुठे, ॲपर्चर किती?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या लेण्यांपाशी माणसांचे फोटो काढताना एफ/१.८चा मोह आवरा. फुल-फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स आणि २ मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा. चेहरा जरा तिरपा झाला की एक डोळा धूसर. एकट्या माणसाला एफ/२.८ पुरे, फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. जोडपं असेल तर दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर ठेवा आणि एफ/४ घ्या. लेणे क्रमांक ३च्या ओसरीतली सुमारे ७ मीटर उंच बुद्धमूर्ती मागे हवी असेल (आणि ती हवीच!) तर वाइड लेन्स, एफ/८. सावलीत उजेड कमी पडतो, तेव्हा आयएसओ बिनधास्त वाढवा. शटर मात्र १/१२५च्या खाली नको.