हौसेची उपासमार नको!

जेवण सोडून बारीक होऊ पाहणाऱ्या मुली दवाखान्यात आल्या, की मी त्यांना ऑड्री हेपबर्नची गोष्ट सांगते. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) या चित्रपटातल्या तिच्या शिडशिडीत अंगकाठीने जगाला भुरळ घातली. पण त्या अंगाने काय सोसले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

दुसऱ्या महायुद्धात ती हॉलंडमध्ये आर्नहेमजवळ राहत होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची वाहतूक रोखली. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे दगावली. पंधरा वर्षांच्या ऑड्रीला रक्तक्षय झाला, अंगावर सूज आली. वाढीच्या वयात लोह, प्रथिने मिळाली नाहीत, की असेच होते. पुढे बॅले नर्तिका होण्याचे तिचे स्वप्नही मागे पडले. जास्त उंची आणि उपासमारीने खचलेले शरीर आड आले.

युद्ध संपल्यावर मिळालेले मदतीचे अन्न ती विसरली नाही. युनिसेफतर्फे १९८८ मध्ये इथिओपियात आणि १९९२ मध्ये सोमालियात ती भुकेल्या मुलांपर्यंत पोहोचली. १९९३ मध्ये तिचे निधन झाले.

मुलींनो, तिच्यावर लादली गेलेली उपासमार तुम्ही हौसेने ओढवून घेऊ नका. भाकरी, आमटी, पालेभाजी, शेंगदाणे पोटभर खा. सतत थकवा, धाप जाणवत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.